आडात होतं, पोहऱ्यात आलं नाही: लबकच्या छतावरचा वारा संगणकात आणताना

छताच्या कोपऱ्यावरच्या एका टॅपचा, म्हणजे दाब मोजायच्या बिंदूचा, आलेख पडद्यावर होता. पंधरा मिनिटांच्या वाऱ्यात त्या बिंदूवरचा दाब कसा बदलला याची रेघ. संगणकावरच्या आमच्या सिम्युलेशनची रेघ जवळजवळ सरळ होती, मधूनच जराशी थरथर. तिच्याखाली त्याच जागेच्या प्रत्यक्ष मोजमापाची रेघ, आणि तिच्यात थोड्या थोड्या वेळाने सुई खुपसावी तशी खोल सक्शन, म्हणजे पत्रा वर ओढणारा उणा दाब. दोन्ही रेघांची सरासरी मात्र छान जुळत होती. शेजारी बसलेला आमचा ज्युनिअर खूश होता. "सर, मीन मॅच झालं. रिपोर्ट लिहायला घेऊ?"

"पत्रा मीनने उडतो का रे?" मी म्हटलं.

पुढचे दोन महिने या एका प्रश्नात गेले. चूक इमारतीच्या मॉडेलमध्ये नव्हती आणि समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरमध्येही नव्हती. आम्ही संगणकात जो वारा आत सोडत होतो, त्यात होती. तीही एक नव्हे, एकीखाली दुसरी अशा थरांनी.

कामाची सुरुवात रायगडमधून झाली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरं कशी गेली ते कोकणात कुणाला सांगायला नको. त्यानंतर एका क्लायंटला गोदामाच्या शेड्स बांधायच्या होत्या. वेगवेगळ्या उंचीच्या, एकमेकींना चिकटलेल्या. आयएस 875 या भारतीय कोडच्या वाऱ्याच्या भारावरच्या 2015 सालच्या तिसऱ्या भागात छताच्या कडा-कोपऱ्यांसाठी वाढीव सहगुणक आहेत, पण ते सुट्या, साध्या आकाराच्या इमारतींसाठी. अशा जोडशेडच्या कोपऱ्यावर किती ओढ बसेल, हे कोड सरळ सांगत नाही. म्हणून लार्ज एडी सिम्युलेशन करायचं ठरलं. या पद्धतीत हवेची जागा छोट्या सेल्समध्ये वाटतात, मोठे भोवरे थेट सोडवले जातात आणि सेलपेक्षा बारीक भोवऱ्यांचा परिणाम मॉडेलने धरला जातो. पण आपलं गणित खरं आहे हे आधी कुठेतरी सिद्ध करायला हवं होतं. ती जागा म्हणजे टेक्सासमधलं लबक.

11 मे 1970 ला लबक शहरावर टॉर्नेडो आला आणि 26 माणसं गेली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात वाऱ्याच्या भारावरचं काम त्यातूनच उभं राहिलं. भारतात जन्मलेले किशोर मेहता हे त्यातलं मोठं नाव. पुढे तिथे सपाट माळावर पत्र्याची एक खरीखुरी इमारत उभी केली गेली: 9.1 मीटर रुंद, 13.7 मीटर लांब, 4 मीटर उंच, छत जवळपास सपाट. शेजारी 49 मीटरचा मनोरा, त्यावर निरनिराळ्या उंचीवर वारामापक. गंमत अशी, की ही इमारत रुळांवर फिरवता येते. वारा हवा त्या कोनातून येण्याची वाट बघत बसायला नको, इमारतच वाऱ्याकडे वळवायची. लेव्हिटन आणि मेहता यांनी 1992 मध्ये तिचं सविस्तर वर्णन छापलं. तेव्हापासून बुटक्या इमारतींवर वाऱ्याचं गणित करणारा जवळपास प्रत्येक जण या इमारतीच्या दारात एकदा येऊन जातो. आर्कान्सा विद्यापीठातल्या पन्नीर सेल्व्हम यांनी 1997 मध्येच तिच्यावर लार्ज एडी सिम्युलेशन केलं होतं.

आणि या दारात अपमान व्हायची परंपरा आहे. विंड टनेलवाल्यांचाही झाला. इमारतीची छोटी मॉडेलं बोगद्यात ठेवली, तर सरासरी दाब जुळायचे, पण तिरका वारा असताना छताच्या कोपऱ्यावरची टोकाची सक्शन कमी यायची. तिरक्या वाऱ्यात कोपऱ्यापासून दोन्ही कडांना धरून शंकूसारखे दोन भोवरे तयार होतात आणि त्यांच्या पोटाखाली पत्रा वर ओढला जातो. हे भोवरे कधी घट्ट होतात, कधी सैल पडतात, आणि त्यांना हलवणारा हात येणाऱ्या वाऱ्यातल्या टर्ब्युलन्सचा, म्हणजे वेगातल्या खळबळीचा, असतो.

आता आमचा डबा, म्हणजे संगणकात हिशोबासाठी घेतलेली हवेची जागा. इमारतीची उंची 4 मीटर, म्हणून पुढे 20 मीटर मोकळी जागा, मागे 60, उंची 24, रुंदी 40. छताच्या उंचीवर सरासरी वेग सेकंदाला 8 मीटर धरला. टर्ब्युलन्सची तीव्रता, म्हणजे सरासरीच्या मानाने वेगाचं वरखाली होणं, किती हवी? जमिनीचा खडबडीतपणा 2 सेंटिमीटर धरला, तर 4 मीटरवर ती साधारण 1 भागिले 200 चा (4 मीटर भागिले 2 सेंटिमीटर) नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे 1 भागिले 5.3, जवळपास 19 टक्के. माळावरच्या मोजमापांतही ती 20 च्या आसपास आहे. इथवर सगळं कागदावर बरोबर.

ज्युनिअरची पहिली रन यातलं काहीच न धरता होती: इनलेटवर, म्हणजे वारा आत शिरतो त्या टोकाला, फक्त लॉग प्रोफाइल (उंचीबरोबर वाढणारा सरासरी वेग), गुळगुळीत. म्हणून रेघ सरळ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून मी त्याला टर्ब्युलन्स घालायला सांगितलं. त्याने सगळ्यात सोपं केलं. इनलेटच्या प्रत्येक सेलवर, प्रत्येक टाइम स्टेपला (हिशोबातल्या काळाच्या प्रत्येक पावलाला), 19 टक्के विचलनाचा एक रँडम आकडा सरासरी वेगात मिळवला. तीव्रता तंतोतंत जुळली. छतावरची रेघ जशी होती तशीच राहिली.

हे का होतं ते समजायला इनलेटपासून तीन-चार सेल आत जाऊन वेग बघावा. तिथे काही उरलेलंच नसतं. शेजारच्या दोन सेल्समधले आकडे एकमेकांना ओळखतच नसतील, तर त्या गोंधळाची सगळी ऊर्जा सेलच्या आकाराएवढ्या लांबीत साठलेली असते. सॉल्व्हरला वस्तुमान टिकवायचं असतं, म्हणून तो पहिल्याच पायरीत दाबाने हे खड्डे बुजवतो. जे राहतं ते संख्यात्मक घर्षण खाऊन टाकतं. खऱ्या वाऱ्यात झोत असतो: दहा मीटर रुंदीची हवा एकत्र पुढे सरकते, आणि आत्ता जी इथे आहे तीच सेकंदाने आठ मीटर पुढे असते. तीव्रतेचा आकडा या सांगाती वागण्याबद्दल एक अक्षर सांगत नाही. भजनी मंडळीतल्या प्रत्येकाचा आवाज बरोबर मोजला, पण कुणीच ताल धरला नाही, अशी ती 19 टक्के होती.

हा सहसंबंध घालायच्या रीती बऱ्याच आहेत. एका घराण्यात ठरावीक स्पेक्ट्रमच्या (कोणत्या आवर्तनाला किती ऊर्जा, त्या वाटणीच्या) असंख्य लाटांची बेरीज करतात. स्मिर्नोव्ह, शी आणि चेलिक यांची 2001 ची पद्धत यातली. दुसऱ्यात रँडम आकड्यांवर गाळणी फिरवून त्यांना जागेत आणि काळात एकमेकांशी बांधतात. क्लाइन, सादिकी आणि यानिका यांनी 2003 मध्ये ही डिजिटल फिल्टरची वाट दाखवली. झ्ये आणि कॅस्ट्रो यांनी 2008 मध्ये ती स्वस्त केली: दर स्टेपला फक्त एक द्विमितीय पट गाळायचा आणि मागच्या स्टेपच्या पटात ठरावीक प्रमाणात मिसळायचा. तिसरी वाट कृत्रिम भोवरे इनलेटवरून सोडण्याची. ओपनफोम या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरची आणि भोवऱ्यांची, दोन्ही सोय तयार मिळते.

चौथी वाट म्हणजे आधी एका वेगळ्या डब्यात खडबडीत जमिनीवर वारा वाहवत ठेवायचा आणि त्याचे काप साठवून मुख्य डब्याला पाजायचे. लोक साठवणीची भीती घालतात, पण हिशोब केला तर 24 गुणिले 40 मीटरचा काप 40 सेंटिमीटरच्या सेल्सनी 6,000 बिंदूंचा होतो. तीन घटक, प्रत्येकी 8 बाइट, 90,000 स्टेप्स: सगळं मिळून 13 जीबी. पेन ड्राइव्हवर मावेल. खरी अडचण अशी, की त्या डब्यातून जी तीव्रता आणि झोतांची जी लांबी निघेल ती मुकाट्याने घ्यावी लागते. हवी ती मागता येत नाही. आम्हाला लबकचा वारा हवा होता, म्हणून डिजिटल फिल्टर घेतला.

इनलेटवरचा स्पेक्ट्रम वाऱ्यासाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या फॉन कारमानच्या वक्रावर सुरेख बसला. ज्युनिअरने तो मोठा करून भिंतीवर लावला. मग छतावरचा दाब बघितला आणि दोघेही गप्प झालो. आता सुया होत्या, पण भलत्याच. दाबाचा सहगुणक (दाब भागिले वाऱ्याचा गतिज दाब) क्षणात उणे पाचवर, क्षणात अधिक चारवर. त्याहून संशयास्पद म्हणजे छतावर, समोरच्या भिंतीवर, मागच्या भिंतीवर, सगळीकडे एकाच क्षणी, एकाच दिशेने. खऱ्या इमारतीवर समोरची भिंत ढकलली जाते तेव्हा छत ओढलं जातं. इथे सगळं घर एकदम श्वास घेत होतं.

हा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण इथे फसलेले बरेच रिपोर्ट मी नंतर ओळखायला शिकलो.

आपला प्रवाह असंपीड्य, म्हणजे हवा दबत नाही असा, धरलेला असतो. डबा चारही बाजूंनी बंद, एका टोकाला इनलेट, दुसऱ्याला आउटलेट. या क्षणी इनलेटमधून जेवढी हवा आत येते, तेवढी याच क्षणी आउटलेटमधून बाहेर जायला हवी. आता गाळलेले रँडम आकडे अख्ख्या कापावर बेरीज करून बरोबर शून्य होत नाहीत. समजा या स्टेपला कापाचा सरासरी वेग मागच्या स्टेपपेक्षा सेकंदाला फक्त 1 सेंटिमीटरने वाढला. टाइम स्टेप 0.01 सेकंद. म्हणजे डब्यातल्या सगळ्या हवेला 1 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण हवं. हवेची घनता 1.2, म्हणून दर मीटरला 1.2 पास्कल दाबाचा उतार. आउटलेटवर दाब शून्याला बांधलेला आणि इमारत तिथून 60 मीटर अलीकडे, म्हणजे इमारतीवर 72 पास्कल. आपल्या 8 मीटरच्या वाऱ्याचा गतिज दाब किती? अर्धा गुणिले 1.2 गुणिले 64, म्हणजे 38.4 पास्कल. वेगात 1 सेंटिमीटरची चूक, आणि दाबाच्या सहगुणकात 1.9 ची. वेगाच्या आलेखात ही चूक डोळ्यांना दिसणारही नाही. सायकलच्या पंपाच्या दांड्याला टिचकी मारावी तसा अख्खा डबा पिस्टन झाला होता.

किम, कॅस्ट्रो आणि झ्ये यांनी 2013 मध्ये नेमका हाच रोग धरून फिल्टरच्या पद्धतीत दुरुस्ती केली. आम्ही सोपा अर्धा भाग आधी केला: दर स्टेपला कापाची बेरीज करायची आणि जास्तीचं सगळ्या सेल्समधून सारखं वजा करायचं, म्हणजे आत येणारी हवा कायम तेवढीच. इतक्या एका ओळीच्या बदलाने घराचा श्वास थांबला. भिंती पुन्हा भिंतींसारख्या आणि छत छतासारखं वागू लागलं.

सुया आता खऱ्या दिसत होत्या, पण बुटक्या. लबकच्या सुयांपेक्षा बऱ्याच. भिंतीवरचा तो सुरेख स्पेक्ट्रम तसाच लटकत होता.

त्या दिवशी मी एक गोष्ट करायला लावली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती: इमारत काढून टाक आणि रिकाम्या डब्यात, ती जिथे होती तिथे, 4 मीटर उंचीवर वेग मोज. ज्युनिअरला हा वेळेचा अपव्यय वाटला. "सर, इनलेटला चेक केलंय ना." मी म्हटलं, "इनलेटला घर नाहीये."

रिकाम्या डब्यात इनलेटवरचा 19 टक्क्यांचा वारा वीस मीटर चालून आला, तेव्हा त्यातला चांगलाच भाग वाटेत सांडला होता. तिथल्या स्पेक्ट्रमच्या आलेखात डावीकडचा, म्हणजे मोठ्या झोतांचा भाग शाबूत. उजवीकडे, बारीक भोवऱ्यांकडे, वक्र कड्यावरून पडावा तसा खाली. आडात होतं, पण पोहरा गळका होता.

भोक कुठे होतं ते मेशमध्ये, म्हणजे सेल्सच्या जाळ्यात, दिसलं. इमारतीजवळ सेल 20 सेंटिमीटरचे, पण सेल्सची संख्या वाचवायला ज्युनिअरने इनलेटकडे ते 1.6 मीटरपर्यंत ताणले होते. सगळेच असं करतात, कॉलेजात तसंच शिकवतात: जिथे काही घडत नाही तिथे मेश विरळ ठेवा. पण इथे इनलेटजवळ घडत होतं. एक लाट धड पुढे न्यायला किमान चार सेल तरी लागतात. 1.6 मीटरच्या सेलमध्ये 6.4 मीटरपेक्षा छोटी लाट जगत नाही. 8 मीटरच्या वाऱ्यात ही 1.25 हर्ट्झ. त्यावरचं सगळं आम्ही इनलेटवर मोठ्या निगुतीने तयार करत होतो आणि पहिल्या दहा मीटरमध्ये मारत होतो. ज्या भोवऱ्यांचा आकार इमारतीच्या उंचीएवढा किंवा कमी, ते सगळे 2 हर्ट्झच्या वर. नेमके तेच गेले.

आणि तेच हवे असतात. छताच्या कडेवरून प्रवाह सुटतो तेव्हा एक पातळ कातरथर (वेगात झपाट्याने फरक पडणारा थर) तयार होतो. बाहेरून आलेला छोटा भोवरा त्या थराला डिवचतो, तो लवकर गुंडाळतो, छताच्या जास्त जवळ वळतो, आणि खालची सक्शन खोल जाते. व्हर्जिनिया टेकचे हेन्री टीलमन विंड टनेलवाल्यांना हेच सांगत राहिले, की बुटक्या इमारतींसाठी बारीक टर्ब्युलन्स बरोबर आणा, मोठ्या झोतांच्या लांबीमागे लागून तो घालवू नका. बोगद्यातल्या लोकांनी जे ठेचा खाऊन शिकलं, ते संगणकवाले पुन्हा ठेचा खाऊनच शिकतात, असं माझं निरीक्षण आहे. आमचाही अंगठा सुजला.

इनलेटपासून इमारतीपर्यंत सगळीकडे 40 सेंटिमीटरचे सेल केले. आता 1.6 मीटरपर्यंतची लाट जगते, 5 हर्ट्झपर्यंत. आणि इनलेटवर 5 हर्ट्झच्या वरचं काही घालायचंच नाही असं ठरवलं. जे मेशला पेलत नाही ते दिलं तर ते नुसतं मरत नाही, मरताना दाबात खोटा गोंगाट करून जातं. सेल्स वाढले, रनचा वेळ काही पटींनी वाढला, आणि ऑफिसातल्या बाकीच्यांनी सर्व्हरवरून आमच्याशी भांडणं काढली. रिकाम्या डब्यात पुन्हा मोजलं. तीव्रतेत थोडी घट राहिली, ती इनलेटवर थोडं जास्त घालून भरून काढली. मग इमारत परत ठेवली.

सुया खोल गेल्या. अजून पूर्ण नाही.

उरलेला भाग आमच्याच दुरुस्तीने खाल्ला होता. पिस्टन थांबवायला आम्ही कापाची एकूण हवा स्थिर केली होती. पण माळावरच्या खऱ्या वाऱ्यात शंभर मीटरचे झोतही असतात. 8 मीटरच्या वेगाने असा झोत जायला साडेबारा सेकंद लागतात आणि तेवढा वेळ 40 मीटरच्या डब्यातला सगळाच वारा एकदम वाढलेला असतो. आमची एक ओळ त्याला चूक समजून दर वेळी कापून टाकत होती. मग तो आत येऊ द्यावा का? हिशोब केला: साडेबारा सेकंदांच्या आवर्तनात वेग 1 मीटरने वरखाली झाला, तर कमाल त्वरण 0.5, आणि 60 मीटरवर 36 पास्कल. गतिज दाबाच्या जवळपास बरोबरीचा खोटा दाब, एवढ्या संथ झोतानेही. डबा शेकडो मीटर रुंद करायचा तर आमचा सर्व्हर आणि माझी नोकरी, दोन्ही अपुरी.

यावर वाट मायामीहून मिळाली. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातल्या वॉल ऑफ विंडमध्ये पंख्यांची भिंत मोठ्या मॉडेलांवर जोरदार वारा सोडते, पण फार लांबीचे झोत तिलाही जमत नाहीत. तिथल्या चौधुरी यांनी मुनेघी आणि अर्विन यांच्याबरोबर 2016 मध्ये मांडलं, की प्रयोगात फक्त बारीक टर्ब्युलन्स बरोबर आणावा आणि संथ झोतांचा परिणाम नंतर संख्याशास्त्राने चढवावा. संथ झोत इमारतीला मोठा आणि निवांत असतो. तो असेपर्यंत इमारतीला वाटतं वाराच वाढला. वेग 1.3 पट झाला, तर दाब 1.69 पट. आमचं दुखणं तेच होतं, म्हणून औषधही तेच घेतलं. डब्याच्या रुंदीपेक्षा लांब झोत, म्हणजे 0.2 हर्ट्झच्या खालचं सगळं, सिम्युलेशनबाहेर ठेवलं आणि नंतर हिशोबात आणलं.

वेगवेगळ्या रँडम सीडने (रँडम आकड्यांची सुरुवात बदलून) पंधरा-पंधरा मिनिटांच्या अनेक रन केल्या. पंधरा मिनिटांतली सगळ्यात खोल सुई ही नशिबाची गोष्ट असते. लबकच्या नोंदींतही ती एका नोंदीहून दुसरीत बरीच हलते, आणि एकाच रनची एकाच नोंदीशी तुलना करणं म्हणजे एका पावसाळ्यावरून दुष्काळ ठरवणं. सगळ्या रन एकत्र मांडल्यावर आमच्या सगळ्यात खोल सुयांचा पट्टा लबकच्या पट्ट्यावर आला. अगदी कोपऱ्यातल्या टॅपवर मात्र तो अजून थोडा उथळ राहिला. तिथे 20 सेंटिमीटरचा सेलही जाडच पडतो.

एवढं झाल्यावर रायगडच्या शेड्स घेतल्या, आणि लबकचा इनलेट तिथे चालणार नव्हता हे सांगायला नको. एका बाजूला खाडी, दुसरीकडे आंब्याची कलमं, मागे डोंगर. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यासाठी एक इनलेट, कलमांवरून येणाऱ्यासाठी दुसरा, प्रत्येकाची लांबी आणि तीव्रता वेगळी. डोंगराकडून येणाऱ्या वाऱ्यासाठी डोंगरच डब्यात घ्यावा लागला.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर मी रिकाम्या डब्याचे आलेख लावले. शेडच्या जागी, शेडशिवाय, मोजलेला वारा. मीटिंगमध्ये क्लायंटने ते पान बराच वेळ बघितलं, उलटलं, परत बघितलं.

"अहो, पण यात आमची शेड कुठे आहे?"

"पान सहावर," ज्युनिअर म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढून त्यांना पहिलं पान समजावून सांगायला लागला.